पाचव्या मजल्यावरचा खटका

वसाहतीत तिला सगळे भाडेताई म्हणत. तोंडावर नुसतं ताई, पाठीमागे भाडेताई, आणि ज्यांचं भाडं थकलेलं असे ते तिला लांबून येताना पाहून एवढंच म्हणत, "आली."

गृहमंडळाच्या सहा इमारतींचं भाडं आणि विमा ती बघायची. सांगायला काम एवढंच, पण ते कधी संपायचं नाही. कुणाची नोकरी गेली की ते भाडं. कुणाच्या छतातून पाणी गळलं की तो विमा. नवरा-बायकोचं बिनसलं आणि जाताना त्यानं रागानं खिडकी फोडली, की ते दोन्ही. दिवसभर ती एका जिन्यानं चढायची, दुसऱ्यानं उतरायची आणि ऑफिसात परत आली की खुर्चीवर टेकायच्या आत कुणीतरी दारात उभं असायचं.

तिचे बाबा तिसऱ्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत. मंडळात लिफ्टमेकॅनिक म्हणून त्यांची हयात गेली होती आणि या सहा इमारतींच्या लिफ्ट त्यांनीच वर्षानुवर्षं चालत्या ठेवल्या होत्या. लोक त्यांना उस्ताद म्हणत. निवृत्त झाल्यावर काही वर्षं बरी गेली, कारण तेव्हा आई होती आणि तिच्याशी भांडण्यात वेळ जायचा. आई गेल्यापासून त्यांना घर खायला उठायचं. पायाला भिंगरी लागल्यासारखे ते खाली जायचे, पाव आणायचे, वर येऊन पुन्हा खाली जायचे, कारण पाव आणताना दूध आणायचं राहिलेलं असायचं. घरातलं घड्याळ त्यांनी इतक्या वेळा उघडलं की शेवटी ते कायमचं बंद पडलं.

"हात शिवशिवतात गं," ते म्हणायचे.

"माझ्याकडे या राहायला."

"तुझ्या घरी काय बिघडलंय? तुझा नवरा सगळं नवं आणतो."

लिफ्टचं काम आता एका कंत्राटदाराकडे होतं. त्याच्या माणसाच्या पँटच्या मागच्या खिशात कायम एक पाना खोचलेला असायचा, म्हणून त्याचं नावच पाना पडलं. तिशीतला, बोलका, सतत धावपळीत. अर्ध्या शहराच्या लिफ्ट त्याच्या एकट्याच्या गळ्यात होत्या. कोवळ्या वयात तो उस्तादांच्याच हाताखाली काम शिकला होता.

विमा कंपनीची अट साफ होती. लिफ्टला कंत्राटदाराच्या माणसानंच हात लावायचा. दुसऱ्या कुणी लावला आणि काही झालं, तर कंपनी जबाबदार नाही. त्या अटीची पाटी भाडेताईनं स्वतः प्रत्येक लिफ्टमध्ये लावून घेतली होती, आणि बाबांना वेगळं बजावलंही होतं.

"बाबा, लिफ्टकडे फिरकायचं नाही हं."

"मी कशाला फिरकू? बसतो की लिफ्टमध्ये, सगळे बसतात तसा."

तिसऱ्या इमारतीची लिफ्ट गेला महिनाभर छळत होती. दारं जुन्या पद्धतीची, हातानं ढकलायची. दार चौकटीला टेकलं की एक पितळी खटका दबायचा आणि तो दबला तरच लिफ्ट हलायची. पाचव्या मजल्याचा खटका झिजला होता. दार बंद केलं तरी लिफ्टला ते उघडंच वाटायचं आणि ती जागची हलायची नाही. लोक सामानाची ओझी घेऊन जिने चढत आणि ऑफिसात येऊन दम खात भांडत. नवा खटका मागवलाय, येईल, असं भाडेताई सगळ्यांना सांगायची. मग एकाएकी तक्रारी थांबल्या. तिला वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. कारण विचारायला तिच्याकडे वेळ नव्हता.

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी सकाळी ती दुसऱ्या इमारतीत एका गृहस्थांशी हुज्जत घालत होती. त्यांच्याच धुण्याच्या मशीनचं पाणी सांडून त्यांचाच गालिचा भिजला होता आणि भरपाई त्यांना विम्यातून हवी होती.

"पाणी मंडळाचंच ना?" ते म्हणत होते.

"पाणी मंडळाचं, पण नळ उघडा ठेवणारा हात तुमचा."

तेवढ्यात रखवालदाराचा फोन आला. तिसऱ्या इमारतीत लिफ्टमध्ये कुणीतरी पडलंय.

ती धावत पाच मजले चढली. लिफ्टसमोर शिवणमावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाचव्याच मजल्यावर राहायच्या, एकट्या, शाळांचे गणवेश शिवून द्यायच्या. गाठोडं सुटून निळ्या चड्ड्या आणि पांढरे सदरे फरशीभर पसरले होते. उजवा हात त्यांनी मांडीवर असा ठेवला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि आपण तो सांभाळायला घेतलाय. मनगटाला नको तिथे वाक आला होता.

"दार ढकललं, एक पाय बाहेर टाकला," त्या सांगत होत्या, "आणि मागची जमीनच सरकली. दार उघडं असताना लिफ्ट कशी काय निघाली गं?"

खालून कुणीतरी बटण दाबलं होतं. उघड्या दारानं लिफ्ट खाली निघाली आणि मावशी बाहेर फेकल्या गेल्या, उजव्या हातावर. आत पडल्या असत्या तर काय झालं असतं, ते कुणी बोललं नाही.

शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीवर बसवून जिन्यानं खाली नेलं. रखवालदारही मदतीला गेला. जाण्यापूर्वी भाडेताईनं त्याला लिफ्टचा वीजपुरवठा बंद करायला लावला होता. मजल्यावर ती एकटी उरली. ती उघड्याच राहिलेल्या दारापाशी गेली, वाकली, आणि तिला खटक्यामागे खोचलेली पत्र्याची पट्टी दिसली. पट्टीची तीन पदरी घडी होती आणि कुणाला कापू नये म्हणून कोपरे ठोकून गोल केले होते.

अशा पट्ट्या बघतच ती लहानाची मोठी झाली होती. घरात कपाट डगमगलं की पायाखाली पट्टी, खिडकी वाजायला लागली की फटीत पट्टी. सगळ्या तीन पदरी, सगळ्यांचे कोपरे गोल. पट्टीनं खटका कायमचा दाबून धरला होता, म्हणून दार उघडं असलं तरी लिफ्टला ते बंदच वाटत होतं.

तिनं पट्टी ओढून काढली आणि पर्समध्ये टाकली. हातानं ते आधी केलं, विचार नंतर आला.

एक मजला उतरून ती बाबांच्या दारात गेली. दार उघडंच होतं. बाबा खिडकीपाशी उभे होते आणि एका फडक्यानं हात पुसत होते. हात स्वच्छ होते.

"फार लागलं का त्यांना?" त्यांनी विचारलं.

"मनगट गेलंय. बाबा, पाचव्याचा खटका तुम्ही उघडला होतात?"

"कोण म्हणतं?"

"कुणी नाही. मी विचारतेय."

"मी हात लावलेला नाही," बाबा म्हणाले आणि पुन्हा हात पुसायला लागले.

पट्टी पर्समध्ये होती. ती काढून समोर धरली असती, तर दोघांनाही त्यापुढे काहीतरी करावं लागलं असतं. ती "बरं" म्हणाली आणि दवाखान्यात निघून गेली.

पुढच्या आठवड्यात विमा कंपनीचा सर्वेअर आला. शांत, सर्दी झालेला माणूस. रुमाल नाकाला लावून त्यानं खटका बराच वेळ पाहिला. पाना बाजूला उभा होता आणि त्या दिवशी तो बोलका नव्हता.

"झिजलाय," सर्वेअर म्हणाला. "पण झिजलेला खटका लिफ्ट थांबवतो. चालवत नाही. मग ही उघड्या दारानं चालली कशी?"

पान्यानं खाली पाहिलं. सर्वेअरनं भाडेताईकडे पाहिलं.

"मला त्यातलं काय कळणार?" ती म्हणाली.

"कुठेतरी अडकून दाबलेला राहिला असेल. वेळेत बदलायला हवा होता." त्यानं तसंच लिहून घेतलं. निघताना तो म्हणाला, "त्या बाईंना भरपाई मिळेल. देखभालीत हयगय झाली तरी विमा लागू होतो. बाहेरच्या कुणी हात घातला असता, तर मात्र कंपनीनं हात वर केले असते."

हे ऐकलं आणि तिला वाटलं, आपण केलं ते बरंच केलं. मावशींना पैसे मिळतील, बाबांचं नाव येणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. दिवसभर ती हेच मनाशी म्हणत राहिली आणि दिवसभर तिचं कशात लक्ष लागलं नाही. एकाच्या भाड्याची पावती दुसऱ्याच्या नावानं फाडली. घरी धुतलेली कपबशी पुन्हा धुतली. पर्स आधी खुंटीवर होती, मग कपाटात गेली, मग खणात, मग पुन्हा खुंटीवर आली.

तिचा नवरा बसचालक होता आणि घरी शब्द जपून वापरायचा. चार दिवस त्यानं बघितलं. मग म्हणाला, "तू उभ्यानं जेवतेयस."

"घाई असते."

"आज सुट्टी आहे."

ती बसली, दोन घास खाल्ले आणि पुन्हा उठली.

मग एका दुपारी पाना ऑफिसात आला. भाडं भरायला आलेल्यांच्या मागे गुपचूप रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की त्याच्या खिशात पाना नाही.

"ताई, मला कामावरून थांबवलंय," तो म्हणाला. "हयगय केली म्हणून. अहवाल आलाय म्हणे. थांबवलंय म्हणतात, पण काढायच्या आधी असंच म्हणतात."

"तू नवा खटका मागवला होतास ना?"

"मागवला होता की. जुना आहे तसा सोडला होता. अडेल, पण कुणाला मारणार नाही, असा होता तो."

"मग तसं लिहून दे."

पान्यानं मागे वळून पाहिलं. रांग संपली होती. "काय लिहू? मध्ये कुणीतरी उघडला असं लिहिलं, तर लिफ्ट नसताना दार उघडायची किल्ली कुणाकडे होती ते विचारतील. किल्ली मी दिली होती, ताई. उस्तादांना. ते नुसतं बघून फोनवर सांगायचे काय अडलंय ते, म्हणजे मी नेमकं सामान घेऊन यायचो. एवढ्या इमारती, मी एकटा. हात लावायचा नाही असं ठरलं होतं."

तिनं पावतीपुस्तक मिटलं.

"मी त्यांचं नाव घेणार नाही," पाना म्हणाला. "ज्यानं शिकवलं त्याचं नाव कसं घेऊ? पण मी करू काय, तेवढं तुम्ही सांगा. मला खरंच सुचत नाहीये."

"दोन दिवस दे मला," ती म्हणाली. दोन दिवसांत काय करणार, हे तिला त्याच्याइतकंच माहीत होतं.

ऑफिस बंद करून ती मावशींकडे गेली. शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती. हात प्लास्टरमध्ये, आणि डाव्या हातानं मावशी चहा गाळायचा प्रयत्न करत होत्या. तिनं गाळणी घेतली तर म्हणाल्या, "राहू दे, मला शिकायलाच हवं." मग चहा थोडा कपात आणि बराचसा ओट्यावर गेला.

"भाड्याची चिठ्ठी आली," मावशी म्हणाल्या.

"ती मशीनमधून आपोआप निघते. मी थांबवते."

"सही तुझी आहे तिच्यावर."

"तीही छापलेलीच असते, मावशी."

मावशींनी कप उचलला आणि न पिताच ठेवला. "पान्याला काढलं म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"जिन्यात सगळं कळतं. मलाही एक कळलं होतं. पडले त्याच्या आधी एकदा सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर उस्ताद लिफ्टच्या दाराशी वाकलेले. हातात पक्कड. मी म्हटलं, बरं झालं, आता चालेल." त्या थांबल्या. "सर्वेअरनं विचारलं तेव्हा मी बोलले नाही. तुझे वडील म्हणून. मला वाटलं तू येशील, तू विचारशील. तू आलीस, फॉर्म भरून घेतलास आणि गेलीस."

भाडेताईचे कान तापले. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. तिला मात्र इतके दिवस वाटत होतं, आपल्याखेरीज कुणाला काही माहीत नाही.

ती खाली आली. बाबा पायात चपला घालत होते, म्हणाले, जरा पाव घेऊन येतो. टेबलावर दोन पाव होते. तिनं पर्स उघडली आणि पट्टी पावाशेजारी ठेवली.

बाबांनी चपला काढल्या. पट्टी उचलली, उलटीसुलटी केली, अंगठ्यानं कोपरे चाचपले. 

"दाब जास्त झाला," ते शेवटी म्हणाले. "केसभर द्यायचा होता. दार उघडलं की सुटायला हवा होता तो. पूर्वी बोटाला कळायचं."

"मग मला खोटं का सांगितलंत?"

"तुला कुठे सांगितलं? मी मलाच सांगत होतो. तू समोर उभी होतीस."

ते खुर्चीत बसले. ते इतके स्वस्थ बसलेले तिनं आई गेल्यापासून पाहिले नव्हते आणि तिला ते बघवेना. तीच खोलीत येरझाऱ्या घालायला लागली. चालता चालता तिनं सगळं सांगितलं. खरं सांगितलं तर विमा कंपनी मावशींची भरपाई अडवणार, नाही सांगितलं तर पान्याचं काम जाणार.

"आणि तुझं?" बाबांनी विचारलं. "पट्टी तू काढलीस."

"माझं मी बघेन."

"आपलेच दात, आपलेच ओठ," बाबा म्हणाले आणि उठले. "आधी त्यांच्याकडे चल. बाकीचं मग."

"मावशींकडे? आत्ता मी तिथूनच आलेय."

"मी नाही ना गेलो."

ते तिच्यापुढे जिना चढले. मावशींनी दार उघडलं आणि उस्तादांना पाहून वाटेतून बाजूला झाल्या नाहीत. बाबांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. पट्टी मी घातली, अंदाज चुकला, माझ्यामुळे तुमचा हात मोडला. आडवळण घेतलं नाही.

"माहीत आहे," मावशी म्हणाल्या.

"मला माफ करा, असं म्हणायलाही..."

"मग म्हणू नका. तुम्ही सांगून मोकळे झालात, उस्ताद. मी कशी मोकळी होऊ? सुईत दोरा ओवता येत नाही मला." त्यांचा आवाज चढला नव्हता. मग त्या भाडेताईकडे वळल्या. "आता तुम्ही दोघं जाऊन खरं सांगणार?"

"हो."

"मग कंपनी माझे पैसे देणार नाही."

"नाही देणार बहुतेक. मी मंडळाकडून..."

"म्हणजे खरेपणा तुमचा आणि खर्च माझा."

 खालच्या मजल्यावर कुणीतरी दार आपटलं. मावशींनी प्लास्टरचा हात दुसऱ्या हातानं वर उचलून धरला, तो दुखत असावा.

"पान्याला अडकवू नका," त्या म्हणाल्या. "त्यानं काही केलेलं नाही. पण माझ्या पायावर धोंडा पाडून त्याला सोडवू नका. आधी माझं मंडळाकडून लिहून आण. दवाखाना, आणि हात बरा होईपर्यंत भाडं. लिहून आण आणि मग जा हवं तिथे खरं सांगत." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भाडेताई मंडळाच्या मोठ्या ऑफिसात गेली. बाबांना यायचं होतं, पण तिनं त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. मोठे साहेब तिला चांगले ओळखत. तिच्या इमारतींची वसुली नेहमी वेळेवर असायची, म्हणून त्यांचा तिच्यावर लोभ होता. तिनं पट्टी टेबलावर ठेवली आणि सांगितलं.

साहेबांनी पट्टीला हात लावला नाही. उठून दार बंद केलं.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला, वडिलांना, पान्याला आणि ज्यांचा हात मोडला त्यांना."

"आणि त्या बाई काही बोललेल्या नाहीत?"

"नाही."

"मग तुम्ही का बोलताय? भरपाई मंजूर व्हायच्या बेतात आहे. त्या मेकॅनिकला मी कंत्राटदाराशी बोलून दुसरीकडे लावून देतो. हे उचला आणि घरी जा. दोन दिवस सुट्टी घ्या, तुमचा चेहरा बरा दिसत नाही."

सगळं सोपं करून दिलं होतं त्यांनी. उठायचं तेवढं बाकी होतं. गेले कित्येक दिवस ती कुठल्याच खुर्चीत धड बसली नव्हती. आता मात्र तिला उठावंसं वाटेना.

"दुसरीकडे लागला तरी त्याच्या नावावर हयगय लिहिलेली राहील," ती म्हणाली. "आणि साहेब, किल्ली मंडळाची. ती कुणाकडे आहे हे बघणं मंडळाचं काम होतं. म्हणजे माझं. जिचा हात मोडला ती मंडळाची भाडेकरू आहे. कंपनी देणार नसेल तर मंडळानं द्यायला हवं."

"मंडळाकडे असा पैसा पडलेला नाही."

"मंडळ भाडं तरी थांबवू शकतं. आणि दवाखान्याचा खर्च. एवढं लिहून द्या."

"नाही दिलं तर?"

"तर मी बसते."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना आधी ती विनोद करतेय असं वाटलं. मग त्यांनी एक फोन केला, दुसरा केला, मध्येच तिला बाहेर थांबायला सांगितलं. ती थांबली नाही. दुपारचं जेवण त्यांनी तिच्यासमोर, तिच्याकडे पाठ करून घेतलं. बाहेर बाबांनी तोवर बाकाचा एक ढिला पाय शोधला होता, पण ते त्याला हात न लावता नुसते बघत होते, असं शिपायानं नंतर सांगितलं.

कागद संध्याकाळी निघाला. दवाखान्याचा खर्च मंडळाकडे, हात बरा होईपर्यंत भाडं माफ. बुडालेल्या मजुरीबद्दल त्यात अक्षर नव्हतं. तेवढ्यासाठी ती भांडली, पण ते काही मिळालं नाही. कागद घेऊन ती मावशींकडे गेली. मावशींनी तो दोनदा वाचला, मजुरीचं विचारलं, उत्तर ऐकलं आणि म्हणाल्या, "जा मग."

सर्वेअरची सर्दी अजून गेलेली नव्हती. त्याला राग आला तो कामाचा. "माझा अहवाल पुढे गेलाय. आता सगळा परत लिहायचा," तो म्हणाला. नवं कोरं पान घेऊन त्यानं बाबांचं सगळं लिहून घेतलं, पान्यानं किल्ली दिल्याचंही. मग तिला विचारलं, "पट्टी तुम्ही काढलीत?"

"हो."

"का?"

"वडील आहेत."

त्यानं पेन थांबवलं, आणि नुसतं 'काढून घेतली' एवढंच लिहिलं.

कंपनीनं भरपाई नाकारली. पुढच्या वर्षी विम्याचा हप्ता वाढला आणि साहेब तिच्याशी कामापुरतं बोलायला लागले, मग तेही बंद झालं. पान्याला ताकीद मिळाली, पण त्याला परत कामावर घेतलं आणि त्याच्या इमारती निम्म्या केल्या. त्याबद्दल त्यानं तिला ऑफिसात येऊन सांगितलं, तेव्हा खुश व्हावं की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं, कारण पगारही थोडा उतरला होता. तिच्याकडून विम्याचं काम काढून घेतलं आणि तिला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वसाहतीत फक्त भाडेवसुलीवर पाठवलं. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. लोक नवी बाई म्हणायचे.

मावशींचं प्लास्टर निघालं. हात चालायला लागला, पण अंगठा पुरता वळत नव्हता. काजं-बटणं करायला त्यांनी एक मुलगी ठेवली, आणि तिला दिलेल्या मजुरीचा हिशेब त्या भाडेताईला भेटेल तेव्हा ऐकवत. भाडेताई ऐकून घेई. उस्तादांशी मात्र त्या बोलल्या नाहीत. जिन्यात समोरासमोर आल्या, की त्या भिंतीकडे सरकून त्यांना वाट देत.

बाबांनी आपली खोली मंडळाला परत केली ती त्यामुळेच. "दिवसातून चारदा माझ्यामुळे ती बाई भिंतीला चिकटते," ते म्हणाले. "तिनं का चिकटावं? मीच जातो."

ते लेकीकडे राहायला आले. जावयानं त्यांच्यासाठी नवी कॉट आणली, नवा दिवा आणला, आणि बाबा त्या दोहोंकडे संशयानं बघत. दुरुस्तीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. एकदा स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला, तर त्याच्याखाली वाडगं ठेवून ते लेकीची वाट बघत बसले. पण पायांची भिंगरी थांबली नव्हती. या खोलीतून त्या खोलीत, तिथून गच्चीवर, तिथून खाली. शेजारची बाई एकदा म्हणाली, तुमचे वडील काही शोधतायत का?

एका दुपारी ती लवकर घरी आली तर बाबा घरात नव्हते. गच्चीवर नव्हते, पावाच्या दुकानात नव्हते. ती रस्त्यावर आली, दोन्ही बाजूंना बघितलं, आणि कुठल्या बाजूला पळायचं ते तिला कळेना. बसथांब्यापर्यंत पोचली तेव्हा समोरून तिच्या नवऱ्याचीच बस आली. त्याला विचारावं म्हणून ती पुढच्या दारानं चढली, तर चालकाच्या मागच्या सीटवर बाबा बसले होते, खिडकीशी, हात मांडीवर.

"सकाळपासून आहेत," नवरा आरशात बघत म्हणाला. "तिसरी फेरी."

"अहो बाबा, सांगायचं तरी. कुठे निघालात?"

"कुठे नाही. हा फिरवून आणतो परत," बाबा म्हणाले आणि तिला जागा द्यायला आणखी खिडकीकडे सरकले. "बस."

मागून कुणीतरी पुढे सरकायला सांगितलं. ती बसली. बस निघाली, वळण घेतलं, बाजार मागे पडला, मग शाळा, मग पाण्याची टाकी. बाबांनी डोळे मिटले होते, पण ते झोपलेले नव्हते. बस वळायच्या आधीच त्यांचा खांदा त्या बाजूला झुकत होता. फेरी पूर्ण होऊन घराजवळचा थांबा आला तेव्हा नवऱ्यानं बस थांबवली आणि आरशातून तिच्याकडे पाहिलं.

तिनं मानेनं नाही म्हटलं. त्यानं दार लावलं आणि बस पुढे काढली.